खडूनं काढलेलं नाक

५ मार्च

जुन्या गाड्यांच्या मालकांनो,

आपल्याला लोक हसतात, हसू देत. वडिलांची गाडी भंगारात घालायला आपलं मन धजत नाही, एवढाच आपला गुन्हा. पण या गुन्ह्याची शिक्षा आपल्याला रोज कोण देतं? ज्याच्या काउंटरपुढे आपण तासन्‌तास ताटकळतो, तो रबराचा दुकानदार. एक काळी रिंग पुढे सरकवतो, "ओरिजिनल आहे" म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. आपल्याला रबरातलं काही कळत नाही, आणि हे त्याला पक्कं कळतं. ही तक्रार माझी एकटीची नाही. तुमच्यापैकी प्रत्येकानं ती माझ्याजवळ कधी ना कधी दबक्या आवाजात केली आहे. आज मी ती मोठ्यानं करते आहे.

सोमवारी सकाळी मी माझ्या लेकीला घेऊन हॉस्पिटलात निघाले. तिचे दिवस भरले होते. गाडी आमच्या बाबांची, अडतीस वर्षांची. डुलत चालते म्हणून घरात तिला 'बदक' म्हणतात. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. हॉस्पिटलच्या चढावर गाड्यांची रांग होती. पंधरा मिनिटं आम्ही तिरक्या उभ्या. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, खाली ओलं झालंय."

मला वाटलं, पाणी फुटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं. मी वळून सीटवरून हात फिरवला आणि नाकाशी आणला. पेट्रोल होतं.

शेजारच्या गाडीला टेकून एक गृहस्थ सिगारेट पेटवण्याच्या बेतात होते. वॉचमननं धावत येऊन त्यांच्या हातावर अशी चापट मारली की लायटर पार फाटकापाशी जाऊन पडला. मग तो माझ्यावर ओरडला, "बाई, किल्लीला हात लावू नका! आधी उतरा!" दोन नर्सनी लेकीला उचलून आत नेलं. तिचे कपडे कमरेपासून खाली पेट्रोलनं भिजले होते.

आता ऐका. ही टाकी गेल्याच महिन्यात दुरुस्त झाली होती. मागच्या सीटखाली टाकी, तिच्या माथ्यावर पेट्रोलचा काटा हलवणारा फ्लोट, आणि फ्लोटच्या झाकणाखाली पेट्रोल अडवणारी रबरी रिंग. जुनी रिंग बिस्किटासारखी कडक झाली होती, म्हणून याच दुकानदाराकडून नवी नेऊन घातली. टाकीतून निघणारी नळी आणि तिच्या क्लिपाही बदलल्या. काम केलं माझ्या धाकट्या भावानं. त्याचं गॅरेज इथून तीन तासांवर आहे, आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी कितीतरी जणांना मीच तिकडे धाडलं आहे. बाबांनी घालून दिलेली रीत तो अजून पाळतो: टाकीचं काम झालं की काचा वर करून पाच मिनिटं गाडीत बसायचं आणि नुसता वास घ्यायचा. बाबा वासावरून कुठली क्लिप ढिली आहे तेही सांगायचे. ते नाक धाकट्यानं उचललं, म्हणून सगळं गाव त्याला 'नाक्या' म्हणतं. वास घेऊन खात्री पटली की डिकीच्या झाकणाला आतून खडूनं छोटंसं नाक काढायचं. ते असल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडत नाही. बदकाच्या डिकीत ते नाक आहे. म्हणजे काम चोख होतं. मग उरलं काय? रबर!

ती रिंग मी काढून घेतली आहे. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, दहा वाजता सभा आहे. दुकानदाराला बोलावलं आहे. तोवर त्याच्या दुकानातून एक वायसरही घेऊ नका.

तुमची अध्यक्ष

*

९ मार्च

ताई,

पत्रक मिळालं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि मग खाली बसलो. भाची सुखरूप आहे ना? तू सभेचं लिहिलंस, लायटरचं लिहिलंस, तिचं एक वाक्य लिहून संपवलंस. ती कशी आहे ते आधी कळव.

रबराचं म्हणशील तर आजकाल काही सांगता येत नाही. माल कुठून येतो, कोण बनवतं, देव जाणे. पण ताई, सभा कशाला? रबरवाले जुने गृहस्थ आहेत, बाबांना ओळखायचे. तू एकदा बोलायला उभी राहिलीस की माईकसुद्धा गरम होतो, समोरच्याचं काय होत असेल! जरा दमानं घे.

ती रिंग सभेत दाखवू नकोस. मला पाठव. मी बघतो आणि कळवतो.

माझी पाठ धरली आहे. आठवडाभर गॅरेज बंदच ठेवलंय. बाकी ठीक.

नाक्या

*

१६ मार्च

चि. नाक्या,

आधी गोड बातमी. तुझ्या भाचीला मुलगी झाली, बुधवारी. दोघी छान आहेत. तू आता मामाआजोबा झालास, तेव्हा पाठ धरणारच!

आता सभा. खुर्च्या कमी पडल्या. मी चाळीस मिनिटं बोलले आणि कोणी जागचं हललं नाही. शेवटी ती रिंग टेबलावर आपटून म्हटलं, "हे घ्या, तुमचं पाप तुमच्या हवाली." म्हातारा पहिल्या रांगेत बसला होता. उठला, रिंग उचलली, उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली. रागावला नाही, रडला नाही. म्हणाला, "बाई, ही मी नेऊ का?" मी म्हटलं, "न्या की, ताईत करून गळ्यात बांधा." सगळी सभा हसली. त्यानं रिंग रुमालात बांधली आणि निघून गेला.

पाच जणांनी त्याचा माल परत केला. आज सकाळी त्याच्या शटरवर कोणीतरी लाल रंगानं 'खोटं रबर' असं लिहिलेलं होतं. मी लिहायला सांगितलं नव्हतं. पण खरं सांगते, वाचून मला वाईटही वाटलं नाही. मला माझ्या लेकीचे भिजलेले कपडे आठवले.

तू म्हणतोस दमानं घे. कशासाठी? अन्यायाला दम लागत नाही, तो रोज सकाळी दुकान उघडून बसतो. आता तू एकच कर. एका कागदावर लिहून दे: मी रिंग बसवली, मी काचा वर करून बसलो, मी नाक लावलं, गाडी निर्दोष होती. खाली सही. पुढच्या सभेत मी तो वाचून दाखवते. तुझं नाव सगळ्यांना माहीत आहे, तुझ्या शब्दाला वजन आहे.

वाट बघते.

ताई

*

१९ मार्च

आदरणीय अध्यक्षबाईंस,

सभेत मी काही बोललो नाही, कारण तुमच्यासारखं बोलणं मला जमत नाही आणि त्या वेळी माझ्याजवळ पुरावाही नव्हता. आता आहे.

तुमची रिंग मी भिंगाखाली पाहिली. हलकं रबर पेट्रोलमध्ये राहिलं की सगळीकडून फुगतं, लिबलिबीत होतं, बोटाला काळं लागतं. तुमची रिंग फुगलेली नाही. माप घेतलं, विकताना होतं तेच आहे. मात्र एका जागी, नखाएवढ्या लांबीत, ती चपटी होऊन चिरली आहे. असं एकाच कारणानं होतं. रिंग खाचेत पूर्ण बसलेली नसते, तिची एक कड वर राहते आणि त्यावरच झाकण आवळलं जातं. टाकी अर्धी असेल तर नुसती वाफ येते, म्हणजे वास येतो. गळ्यापर्यंत भरून चढावर उभी केली की पेट्रोल बाहेर येतं.

माझी एक सवय आहे. नवं खोकं आलं की त्यातली एक रिंग मी बाटलीत पेट्रोल घालून त्यात बुडवून ठेवतो, बाटलीवर तारीख लिहितो. तुम्हाला दिलेल्या खोक्यातली रिंग गेल्या एप्रिलपासून बुडालेली होती. बाटली पोस्टानं धाडता येत नाही, म्हणून रिंग तेवढी कोरडी करून सोबत ठेवली आहे. तुमचीही ठेवली आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ही बाटलीची गोष्ट मी आधी का सांगितली नाही, असं विचाराल. तीस वर्षांत कोणी विचारलंच नाही.

शटर मी रंगवून घेतलेलं नाही. हे पत्र वाचून तुम्ही ठरवा.

एक राहिलं. तुमच्या वडिलांचं काम मी पाहिलं आहे, भावाचंही. रिंग बसवताना कोणाच्याही हातून कड वर राहू शकते. पण अशी गाडी त्यांच्या नाकाखालून बाहेर गेली, याचं मला नवल वाटतं. त्यांना विचारून पाहावं.

आपला,
रबरवाला

*

२१ मार्च

नाक्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी नुसतं "हो हो" करतोस. म्हणून लिहिते. कागदावरचं उत्तर टाळता येत नाही.

दोन रिंगा माझ्या पुढ्यात आहेत. एक वर्षभर पेट्रोलमध्ये बुडून नव्यासारखी. दुसरी तू बसवलेली, चिरलेली. रबरवाल्याचं पत्र सोबत आहे, वाच. मी ते सकाळपासून सहा वेळा वाचलं. त्यातला एक शब्द खोडता येतो का ते पाहिलं. येत नाही.

शेकडो लोकांपुढे बोलले आहे मी, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. भर सभेत मी त्या माणसाला ताईत करून गळ्यात बांधा म्हटलं!

तू माझ्यादेखत पाच मिनिटं गाडीत बसलास, पण नुसता बसलास. खरं ना? झाकण ठोकलंस, कंटाळा केलास, आणि तसाच डिकी उघडून नाक काढून मोकळा झालास. बाबांची खूण तू शिक्क्यासारखी मारतोस? अरे, त्या सीटवर माझी लेक बसली होती. तिच्या पोटात बाळ होतं.

आणि मी तरी काय केलं? लेक आठवडाभर सांगत होती, "आई, या सीटला वास येतो." मी तिला हसले. म्हटलं, या दिवसांत बाईला भिंतीचासुद्धा वास येतो. मला स्वतःला सर्दी झाली होती, मला काही कळत नव्हतं. पण मी तुझं खडूचं नाक पाहिलं होतं. तिच्या खऱ्या नाकापेक्षा मी त्या खडूवर विश्वास ठेवला.

एकच प्रश्न. नाक लावलं होतंस का? हो की नाही.

ताई

*

२८ मार्च

वन्सं, नमस्कार.

उत्तर ह्यांनी लिहायला हवं होतं, पण मी लिहिते. तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. ते आणि आधीचं, दोन्ही ह्यांनी ग्रीसच्या रिकाम्या डब्यात दडवली होती. मला फडकी धुवायला घ्यायची होती म्हणून सापडली.

ह्यांनी कंटाळा केला नाही, वन्सं. बदकात हे पाच मिनिटं मनापासून बसले होते. मी खिडकीतून पाहिलं. काचा वर, डोळे मिटलेले, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखे. तुम्ही बाहेर उभ्या होतात, रुमाल नाकाला लावून.

तुमचं पत्र वाचून मी थेट जाऊन विचारणार होते. पण तेवढ्यात गुरुवारचं आठवलं. दूध गॅसवर ठेवून मी शेजारी गेले आणि बोलत बसले. परत आले तर पातेलं काळं ठिक्कर, दारातच माझा श्वास कोंडला. हे तिथेच, ओट्यापासून दोन हातांवर, पेपर वाचत बसलेले. म्हणाले, "एवढी खोकतेस का?" मला वाटलं, कामाच्या विचारात असतील. मी चिडले, पातेलं घासलं, विसरून गेले.

मग एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, दहा दिवसांचा? त्यानंतर हे जेवणात मीठ-तिखट वरून घ्यायला लागले. मला म्हणायचे, "हे फडकं हुंग गं, ताजं पेट्रोल की शिळं?" मी हसायचे. म्हणायचे, गावाचं नाक आणि मला विचारताय! मला वाटायचं, लाडानं विचारतात.

काल हे खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, डोळे मिटा. पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं ह्यांच्या नाकाशी धरलं. म्हटलं, सांगा, काय आहे? ह्यांनी दोनदा लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "तुझा हात."

वन्सं, दोन वर्षं मी ह्यांच्यासोबत जेवते, झोपते, भांडते. मला कळलं नाही. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण ह्यांना थोडं सांभाळून घ्या. काल संध्याकाळी ह्यांनी खडूचा डबा उचलून कचऱ्यात टाकला, ते मी पाहिलं.

तुमची भावजय

*

३० मार्च

नाक्या,

तुझ्या बायकोचं पत्र वाचत होते. नात रडत होती ते मला लेकीनं हाक मारून सांगितलं.

तुला बोलायचं खूप आहे, पण ते नंतर. मी लगेच येत नाही, कारण आले तर भाषण करेन, आणि आत्ता भाषणाची वेळ नाही.

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत टाकीचं, नळीचं काम करून तू किती गाड्यांवर खडूचं नाक काढलंस? मला यादी पाठव. आधी यादी, मग कारणं. ज्या गाड्या मी तुझ्याकडे धाडल्या त्यांत माणसं बसतात, नाक्या. मुलं बसतात. आजही बसली असतील.

ताई

*

२ एप्रिल

ताई,

यादी शेवटी आहे. कारणं आधी लिहितो, रागावू नकोस. उलट क्रमानं लिहिली तर कारणं लिहायचं धाडसच होणार नाही.

ताप उतरला त्या दिवशी चहा घेतला, तर नुसतं गरम पाणी. वाटलं, येईल परत. आठ दिवस, महिना, दोन महिने. मी सकाळी उठून आधी पेट्रोलची बाटली उघडायचो. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, कधी येतं, कधी येत नाही.

तू म्हणशील, मग सांगितलं का नाहीस? कोणाला सांगू? माझं पाळण्यातलं नाव तरी कोणाला आठवतं का ताई? तुझ्या तोंडातून कधी निघालं होतं ते सांग बघू. लोक गाडी घेऊन येतात ते माझ्या हातासाठी येत नाहीत. हात सगळ्याच मेकॅनिकांना असतात.

साबणाचा फेस लावून तपासता आलं असतं. टाकीत पंपानं थोडी हवा भरायची, प्रत्येक जोडावर ब्रशनं फेस फासायचा, बुडबुडा आला की गळती. पाच मिनिटांचं काम, शेंबडं पोरही करेल. पण आपल्या गॅरेजात फेसाचा डबा कधी होता? बाबा काय म्हणायचे तुला आठवत असेल: "फेस लावतात नाक नसलेले." तो डबा मी बाकावर ठेवला असता, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं असतं, काय नाक्या, नाकाला काय झालं?

म्हणून मी दुसरी युक्ती काढली. गाडी न्यायला मालक आला की त्याच्यादेखत आत बसायचं, मग त्यालाही आत बसवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. वास असेल तर माणूस नकळत नाक मुरडतो, ओठ आवळतो. तसं दिसलं की मी म्हणायचो, "थांबा, मला एक क्लिप शंकास्पद वाटते." लोक थक्क व्हायचे. म्हणायचे, काय नाक आहे! ते नाक त्यांचंच होतं. मी लोकांची नाकं उसनी घेत होतो. चांगलं चाललं होतं, ताई. भीती वाटावी इतकं चांगलं चाललं होतं.

बदकाची रिंग बसवताना, झाकणाची चकती पितळी छिन्नीनं ठोकून फिरवत होतो, तेव्हा ती एकदा सरकली. मी काढून परत बसवली. बोटानं चाचपली, नीट वाटली. पूर्वी एवढ्यावर कधी थांबलो नसतो. मग तू आलीस. मी तुला आत बसवलं, काचा वर केल्या, आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. रुमाल नाकाला लावून तू म्हणालीस, "झालं का रे? मला उशीर होतोय."

तुला सर्दी होती. ते मला दिसत होतं. दिसूनही कळलं नाही.

रबरवाल्यांबद्दल मी "काही सांगता येत नाही" असं लिहिलं, तेव्हा मला सांगता येत होतं. रिंगेत दोष नाही हे मला पत्रक वाचतानाच कळलं होतं. तू शटरचं लिहिलंस, तरी मी गप्प बसलो. नाक गेलं तो माझा दोष नाही, पण हे सगळं माझंच.

यादी. बदक सोडून दोन वर्षांत अशा चौदा गाड्या. पाच इथल्याच. काल आणि आज घरोघरी गेलो, दारात उभा राहून सांगितलं, "मला वास येत नाही, गाडी परत तपासायची आहे." चौघांना वाटलं मी चेष्टा करतोय. पाचव्याच्या बायकोनं मुलांना गाडीतून खाली उतरवलं. फेस लावला. एका गाडीची क्लिप ओली होती.

राहिलेल्या नऊ तुझ्या शब्दावर आलेल्या. आपल्या वहीत नावं नसतात हे तुला माहीत आहे, बाबांची रीत, गाडीवरून ओळखायचं. तसंच लिहितो: मरून, छताला वाहक. पांढरी, डॉक्टरांची. निळी, डावा आरसा नसलेली. पिवळी, दोन भावांची. काळी, लांब बॉनेटची. पांढरी, हॉर्न घोगरा. तपकिरी, शिक्षकांची. करडी, मागची काच तडकलेली. हिरवी, दोन दारांची, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली.

तू ज्याला त्याला सांग. माझं नाव घेऊन सांग, लपवू नकोस. मी फेसाचा डबा घेऊन शनिवारी पहिल्या गाडीनं येतो.

नाक्या

*

९ एप्रिल

जुन्या गाड्यांच्या मालकांनो, आणि हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकास,

महिन्यापूर्वी मी तुम्हाला सांगितलं की दुकानदार आपल्याला फसवतो. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी खोटं बोलले नव्हते, पण जे बोलले ते खोटं होतं, आणि ते ज्याच्या अंगावर पडलं तो माणूस निर्दोष होता. रविवारी मी त्याच्या दुकानाचं शटर घासायला गेले. दोन तास घासलं. म्हातारा आतून स्टूल घेऊन आला, शेजारी बसला आणि म्हणाला, "बाई, 'खोटं' तेवढं पुसा. 'रबर' राहू द्या, ते खरंच आहे." मला हसू आलं नाही. त्याला आलं. ज्या पाच जणांनी माल परत केला त्यांनी तो परत आणावा आणि त्याची माफी मागावी. मी सभेत मागणारच आहे, माईकवरून, जशी शिवी दिली तशी.

आपल्याला लुबाडलं जातं, हे आपलं रडगाणं खरं आहे. पण आपण तपासत नाही, हे त्याहून खरं आहे. आपण दुकानदाराला चोर ठरवतो, कारण तो परका. आपल्या माणसाच्या खडूच्या खुणेला कधी प्रश्न विचारत नाही, कारण तो आपला. माझ्या भावाला दोन वर्षं वास येत नाही. त्यानं ते लपवलं. आणि मी, त्याची थोरली बहीण, प्रत्येक सभेत त्याच्या नाकाचे गोडवे गाऊन तुम्हाला त्याच्या दारात पाठवत होते. त्याला खरं सांगायला जागा उरली नाही, याला त्याच्याइतकीच मी जबाबदार आहे. हे मी दयेसाठी लिहीत नाही. दया करायला वेळ नाही.

शनिवारपासून तो इथे आहे. माझ्या अंगणात हवेचा पंप, ब्रश आणि साबणाच्या फेसाचा डबा घेऊन बसला आहे. प्रत्येक मालकाला तो आधी सांगतो, "मला वास येत नाही." मग कामाला लागतो. लोक वाकून बुडबुडे बघतात. माझी लेक नातीला कडेवर घेऊन खिडकीत उभी असते. अजून त्याच्याशी बोललेली नाही. काल तिनं त्याला चहा पाठवला.

मी पाठवलेल्या नऊ गाड्यांपैकी सात सापडल्या. त्यांतल्या दोघींना बुडबुडे आले. एकीच्या फ्लोटखाली, बदकासारखेच. दुसरीची नळी क्लिपेपाशी इतकी पातळ झाली होती की ब्रशच्या धक्क्यानं फुटली. ती गाडी डॉक्टर रोज चालवत होते. तिची नळी हातात घेऊन ते आमच्या पायरीवर बसून राहिले, पाणी दिलं तरी ग्लास हातात धरूनच.

दोन राहिल्या आहेत. त्या कोणाच्या ते मला माहीत नाही, भावालाही नाही. माझं कुठलं तरी भाषण ऐकून ते परस्पर गेले असणार. एक करडी, मागची काच तडकलेली. दुसरी हिरवी, दोन दारांची, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली. माझ्या लेकीच्या सीटखाली जे होतं, ते त्या खुर्चीखाली असेल किंवा नसेल. गाडी चालवून ते कळण्याची वाट पाहू नका.

हे पत्र माझ्या घराच्या पत्त्यासह पेट्रोलपंपांवर, पंक्चरच्या दुकानांत, शाळांच्या फाटकांवर लावायला दिलं आहे. वाचणाऱ्याची गाडी हिरवी नसेल, करडी नसेल, तरी चालेल. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं एक गोष्ट करायची. उद्या नाही, रविवारी नाही, आत्ता, हा कागद हातातून ठेवायच्या आत.

गाडीपाशी जा. किल्ली फिरवू नका. डिकी उघडा आणि झाकणाच्या आत बघा. तिथे खडूनं काढलेलं नाक असेल, तर गाडी जागची हलवू नका. चालत या आणि माझं दार ठोठावा.